चकवा : एका रात्रीच्या खेळाच्या प्रकल्प नोंदी

१ जून २०२५

आजपासून कामाला सुरुवात. चौघांनी एका बैठकीत खेळायचा भूमिकाखेळ लिहायचा आहे. रात्री साडेआठला बसलं की साडेअकराला संपला पाहिजे, भाषा मराठी आणि घडणार बेळगावजवळच्या आपल्या खानापूरच्या जंगलात. गणपतीला घरी माणसं जमतात तेव्हा तो बसवायचा. नाव ‘चकवा’. तेवढं एकच आधीपासून ठरलेलं आहे.

ही वही वैनीही वाचणार आहेत, म्हणून थोडक्यात लिहून ठेवते. भूमिकाखेळात एक जण सूत्रधार असतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग उभा करतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात आणि जिथं काहीही होऊ शकतं तिथं फासे टाकतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला तिथून हा प्रकार छापील रूपात सुरू झाला. १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात गायगॅक्सनं प्रेरणेची एक यादी जोडली होती, ‘परिशिष्ट एन’ म्हणून ती अजून ओळखली जाते. त्या यादीत सगळी पुस्तकं आणि लेखक.

आमच्या यादीत सिनेमे आणि मालिका असणार. इथं टेबलाभोवती बसणाऱ्यांना भीती, पाठलाग आणि रहस्य यांची ओळख टीव्हीनं करून दिली आहे. त्यांच्या अंगात मुरलेली भाषा तीच आहे, तर खेळही त्याच भाषेत लिहावा. प्रश्न एवढाच की सिनेमातून नेमकं उचलायचं काय. पुढचे अडीच महिने त्याचाच शोध.

८ जून

रविवारी वरच्या खोलीत सगळे जमले. वैनी, भाची, उद्यमबागेतल्या आमच्या ऑफिसातला गोकाकचा सहकारी आणि गल्लीतला इंजिनिअरिंग करणारा पोरगा. प्रत्येकानं एक सिनेमा किंवा मालिका आणायची. गोष्ट सांगायची नाही. भीती कुठून येते तेवढंच सांगायचं.

भाचीनं राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा ‘तुंबाड’ आणला. म्हणाली, “आत्या, त्यातल्या भुताला, हस्तरला, काय हवंय आणि तो कुठं अडतो हे आपल्याला कळलेलं असतं. पिठाची बाहुली दाखवली की तो तिच्यावर येतो, पिठाच्या रिंगणात येत नाही. तरी भ्या वाटतंच.”

वाटतंच, आणि माझ्या मते ते नियम ठाऊक असल्यामुळंच वाटतं. नियम कळला की माणूस हिशेब मांडतो, आणि हिशेब मांडणारा माणूस हावेपायी आणखी एक पाऊल पुढं टाकतो. त्यातल्या नायकाचं, विनायकचं, तेच झालं. खेळाला हेच लागतं. ज्या भुताला काहीही करता येतं त्याच्यापुढं खेळाडूनं काय ठरवायचं? तो नुसता बसून बघणार. ज्या भुताला कायदा आहे त्याच्याशी मात्र डाव खेळता येतो.

वैनींनी ‘झपाटलेला’चं नाव घेतलं तशी पोरं हसायला लागली. वैनींनी त्यांना गप्प केलं. “हसताय कशाला? तात्या विंचूला बाहुल्यातून सुटायचं तर ज्याला पहिल्यांदा गुपित सांगितलं त्याच्याच अंगात शिरायला लागतंय. म्हणून तर सगळा पिक्चर लक्ष्याच्या मागं.” अगदी खरं. १९९३ चा विनोदी सिनेमा, पण भुताचा कायदा इतका पक्का की तीस वर्षांनी वैनींना तो एका दमात सांगता येतो. हे मी ठळक अक्षरात लिहून ठेवते: भुताचा कायदा एका वाक्यात सांगता आला पाहिजे.

सहकाऱ्यानं कन्नड ‘रंगितरंग’ आणला, २०१५ चा. तिथं गावाच्या दंतकथेआड नेमकं कोण आहे हा संशय बघणाऱ्याला धरून ठेवतो. पोरानं ‘एलियन’ सांगितला, १९७९ चा. त्यातला परग्रहावरचा प्राणी पडद्यावर फार थोडा वेळ दिसतो. मी त्याला १९७५ च्या ‘जॉज’ची जोड दिली. यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडत होता, म्हणून स्पीलबर्गनं शार्कऐवजी पाण्यावरून ओढली जाणारी पिवळी पिंपं दाखवली. पिंप दिसलं की प्रेक्षकाच्या पोटात गोळा. टेबलावरच्या खेळात तर सूत्रधाराकडं शार्क मुळातच नसतो. जे काही आहे ते पिंपांवरच करायचं आहे.

बैठकीचा निष्कर्ष: कथानक उचलायचं नाही. एक तर ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. शिवाय सिनेमातला नायक दार उघडतो तेव्हा आपण ओरडलो तरी त्याला ऐकू जात नाही. खेळात त्याच दारासमोर खेळाडू बसलेला असतो आणि तो सरळ म्हणतो, मी नाही उघडत. तिथं उसनं कथानक संपतं. भुताचा कायदा आणि काय दाखवायचं, काय झाकायचं हे मात्र कुठल्याही खेळाडूसमोर टिकतं.

१५ जून

जांबोटीला गेले होते. तिथं ओळखीचे एक निवृत्त मास्तर आहेत, उमेदीच्या वयात कणकुंबीच्या बाजूच्या शाळांवर पायी जायचे. पावसानं घाटमाथा धुरकटलेला. त्यांच्या सोप्यावर बसून चकव्याचं विचारलं.

“अगं पोरी, चकवा दिसत न्हाई. वाट दिसते. तीच तर भानगड हाय. वाट चांगली पायाखालची असते, माणूस चालत ऱ्हातो, आणि फिरून त्याच झाडाखाली येतो.”

मग सुटायचं कसं?

“बसायचं. हाय तिथंच. उजाडलं की वाट आपली आपण दिसते. पण बसवत न्हाई ना माणसाला. घराची ओढ असते. चालणारा दमून पडतो, बसणारा वाचतो.”

घाटातून परत येताना गाडीत मी हेच घोळवत होते. वैनींच्या कसोटीवर हे भूत पुरेपूर उतरतं. कायदा एका वाक्यात: *चालाल तोवर फिराल, बसाल तर सुटाल.* आणि भूमिकाखेळ खेळणाऱ्या कुणाचाही पहिला स्वभाव म्हणजे काहीतरी करणं. तलवार काढ, धाव, शोध, दार फोड. इथं सुटका काही न करण्यात आहे. दाखवायला राक्षस नको, नख नको, रक्त नको. फक्त वाट.

आता एकच हवं: बसणं परवडणार नाही असं कारण.

२१ जून

कारण इतिहासात सापडलं. १९५५, ऑगस्ट.

१५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले सत्याग्रही पोर्तुगीज गोव्याच्या हद्दीत शिरले. नि:शस्त्र जमावावर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसं मारली गेली. त्याच वर्षी भारतानं गोव्याकडची रेल्वे वाहतूक थांबवली. गोवा मोकळा झाला तो १९ डिसेंबर १९६१ ला. या सगळ्या काळात बेळगाव हे गोव्याच्या मुक्तिलढ्यातल्या माणसांचं आश्रयाचं ठिकाण होतं. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता, म्हैसूर राज्यात गेला १ नोव्हेंबर १९५६ ला. पात्रांच्या तोंडी ‘मुंबई सरकार’च यायला हवं, कर्नाटक नाही. हे बारकावे सांभाळायचे.

खेळाची रात्र १७ ऑगस्ट १९५५. सुर्ल्याच्या बाजूनं एक जखमी सत्याग्रही हद्दीपर्यंत पोचवला गेला आहे. चौघांनी त्याला तिथून झोळीत घालून चोर्ला, कणकुंबी करत जांबोटीला आणायचं. उजाडायच्या आत हद्दीपासून लांब जायला हवं, कारण उजेडात पलीकडच्या टेहळणीला डोंगराच्या धारेवरची माणसं दिसतात. आणि जखमेतून रक्त जातंच आहे. म्हणजे बसलं तर जखमी जातो, चाललं तर चकवा सोडत नाही.

चंद्राचा हिशेबही केला. २० जून १९५५ ला खग्रास सूर्यग्रहण होतं, म्हणजे त्या दिवशी अमावास्या. तिथून दोन चांद्रमास मोजले की १७-१८ ऑगस्टला पुन्हा अमावास्या पडते. सत्याग्रहानंतरची दुसरी-तिसरी रात्र आणि मिट्ट काळोख. हे मी रचलेलं नाही, पंचांगानंच दिलं आहे. त्यामुळं मला फार बरं वाटलं.

पात्रं चार: सुईण, लोंढ्याच्या स्टेशनवरचा हमाल, लॉरीचा क्लीनर, शाळामास्तर. बंदूक कुणाकडंच नाही.

२९ जून

फाशांचं काम. खडेबाजारातून साधे सहा बाजूंचे फासे आणले. नाना आकाराचे खास फासे मागवायचे नाहीत. हा खेळ कुणालाही घरच्या ल्युडोच्या डब्यातून खेळता आला पाहिजे.

पाया २०१० च्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’ या भूमिकाखेळातून घेतला. दोन फासे टाकून बेरीज करायची. दहा किंवा वर आलं तर काम फत्ते. सात ते नऊ आलं तर काम होतं, पण किंमत मोजावी लागते. सहा किंवा खाली आलं तर सूत्रधार संकट आणतो. मधला टप्पाच मला सगळ्यात जास्त सिनेमाचा वाटतो. चांगल्या थरारपटात नायक ओढा ओलांडतो, पण कंदील वाहून जातो. नुसतं यश आणि नुसतं अपयश फार कमी वेळा येतं.

दुसरी गोष्ट ‘एलियन’च्या भूमिकाखेळातून, २०१९ मध्ये स्वीडनच्या फ्री लीगनं काढलेल्या. त्यात ताणाचे वेगळे फासे आहेत. ताण वाढला की जादा फासे मिळतात, म्हणजे यशाची शक्यता वाढते. पण त्यातल्या एखाद्या फाशावर एक पडला की पात्र घाबरून हातचं सोडू शकतं. भेदरलेला माणूस जोरात पळतो आणि आपटतोही, हे त्या सिनेमातलं सत्य त्यांनी नियमात उतरवलं. चित्र, पोशाख, यानाचे नकाशे यापेक्षा मला हे खरं रूपांतर वाटतं.

माझ्या खेळात ताणाच्या जागी ‘घाई’ ठेवली. खेळाडू कधीही एक घाई घेऊ शकतो, त्यासाठी चिंचोका उचलायचा, बेरजेत एक मिळवायचा. चिंचोका त्याच्यापुढंच पडून राहतो. चिंचोका जवळ असताना दोन्ही फाशांवर सारखा आकडा आला की चकवा लागतो. जोड पडण्याची शक्यता सहात एक. लहान दिसते, पण रात्रभर फासे टाकताना ती गाठतेच.

६ जुलै

आज वाटेचे पत्ते केले. छापखान्यातून लग्नपत्रिकेचा उरलेला जाड पुठ्ठा मिळाला, त्याचे सोळा तुकडे कापले. प्रत्येकावर एक ठिकाण: म्हसोबाचा दगड, दोन वाटा फुटलेला आंबा, करवंदीची जाळी, वारूळ, फुगलेला ओढा, कोळशाची जुनी भट्टी, गवळ्याचं ओस खोपटं, अशी. चित्रं भाचीनं काळ्या शाईनं काढली. म्हसोबाच्या दगडावर शेंदराचा एकच लाल ठिपका. सोळा पत्त्यांत रंग तेवढाच, तोही तिनं आपल्या मनानं दिला. तो तसाच राहणार.

खेळ असा: एक टप्पा चाललं की एक पत्ता उघडायचा. चकवा लागला की सूत्रधार उघडलेला एखादा पत्ता हळूच गठ्ठ्यात वर सरकवतो. दोन टप्प्यांनी तोच म्हसोबा पुन्हा समोर. सिनेमात दिग्दर्शक तोच शॉट पुन्हा लावतो तेव्हा प्रेक्षकाला जे कळतं, ते इथं खेळाडूला स्वतःच्या हातानं पत्ता उलटताना कळतं. आणि मी तेव्हा काहीच बोलायचं नाही. “तुम्ही परत तिथंच आलात,” हे सूत्रधारानं सांगितलं की मजा गेली.

तिसऱ्यांदा पत्ता आला की एकच तपशील बदलायचा. दगडावर ताजं फूल. किंवा चिखलात पाच जणांची पावलं, त्यातली दोन झोळी उचलणाऱ्याची असल्यासारखी खोल रुतलेली.

पोरानं बारापेडच्या गुहा घालायचा हट्ट धरला. भीमगडच्या रानातल्या त्या गुहा, तिथल्या दुर्मीळ वटवाघळांमुळं प्राणिशास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहेत. जागा भारीच आहे, पण ती दक्षिणेला राहते, आमच्या वाटेवर येत नाही. भूगोल वाकवायचा नाही. इथली माणसं खेळणार आहेत, त्यांना कुठून कुठं जाता येतं ते ठाऊक असतं. गुहांसाठी वेगळा खेळ लिहू, असं त्याला कबूल केलं.

१३ जुलै

रात्रीचं घड्याळ आठ फोडींचं. बसलं की दोन फोडी जातात, तीन टप्पे चाललं की एक. कल्पना ‘ब्लेड्स इन द डार्क’ या भूमिकाखेळातली, गोल आखून भागाभागानं रंगवत जायचं. बाकी काही नाही.

२० जुलै

आज मालिकांचा दिवस. सिनेमा एका रात्रीच्या खेळाला जवळचा. मालिका लांब चालणाऱ्या खेळाला. ‘द एक्स-फाइल्स’ १९९३ मध्ये सुरू झाली तेव्हापासून दर भागाला एक वेगळं संकट आणि मागं सावकाश सरकणारं मोठं रहस्य ही वीण घराघरांत पोचली, आणि दर आठवड्याला जमणाऱ्या गटांनी ती तशीच्या तशी उचलली. आपला खेळ एका रात्रीचा, त्यामुळं ती वीण इथं नको. पण तीन गोष्टी मालिकांकडूनच घ्यायच्या आहेत.

एक, दुवा. त्याच १९९३ मध्ये दूरदर्शनवर बासू चटर्जींचा ‘ब्योमकेश बक्षी’ लागायचा. त्यात ब्योमकेशला जे दिसतं ते बहुतेक आपल्यालाही दिसतं. फरक पडतो तो अर्थ लावण्यात. खेळात हाच घोळ फार होतो. महत्त्वाचा पुरावा फाशांवर ठेवायचा, फासे पडत नाहीत, आणि खेळ तिथंच रुतून बसतो. रॉबिन लॉज यांनी २००७ मध्ये ‘गमशू’ पद्धत आणली ती यावर: पुढं जायला जो दुवा लागतो तो योग्य ठिकाणी शोधणाऱ्याला मिळतोच, फासे टाकायचे नाहीत. मी ते जसंच्या तसं घेतलं. मास्तरांनी सांगितलेला ‘बसायचं’ हा उतारा सुईणीच्या पात्राच्या कागदावर, तिच्या आजीची आठवण म्हणून, सुरुवातीलाच लिहिलेला असेल. सगळ्यांना उत्तर ठाऊक. खेळ आहे तो उत्तर पाळवतं का, याचा.

दोन, प्रत्येकाचा वाटा. मालिकेत एखादा भाग एका पात्राचा असतो, बाकीचे मागं सरकतात. ‘प्राइमटाइम ॲडव्हेंचर्स’ या २००४ च्या खेळानं त्याचा नियमच केला: कुठल्या भागात कुणावर किती प्रकाश, हे आधीच आखलेलं. माझ्याकडं भाग एकच, म्हणून प्रत्येक पात्राला एक खास पत्ता दिला. हमालासाठी रेल्वेचा रूळ दिसणारी कड, मास्तरासाठी बंद शाळा. तो उघडला की बाकीच्यांनी ऐकायचं.

तीन, ब्रेक. दैनंदिन मालिका नावाजलेल्या आहेत त्या प्रश्नावर तोडण्यासाठी. चहा आणि गिरमिट, म्हणजे आपले मसाल्याचे चुरमुरे, कधी आणायचं हे त्यावर ठरवलं. तोच पत्ता दुसऱ्यांदा उघडला की खेळ तिथंच थांबवायचा, ताटल्या आणायच्या. माणसं खाताखाता कुजबुजायला लागतात, आणि त्या दहा मिनिटांत चकवा माझ्याहून जास्त काम करतो.

२७ जुलै

रात्रीची चाचणी. पाऊस जोराचा, नवाच्या सुमारास करंट गेला. कुणीच उठलं नाही. कंदील मधोमध ठेवला आणि पुढं चालू.

अंधारात खेळायचा भूमिकाखेळ म्हटलं की ‘टेन कँडल्स’ आठवतो, २०१५ चा. दहा मेणबत्त्या पेटवून सुरू करायचा, एकेक विझत जाते, शेवटची विझेपर्यंत एकही पात्र जिवंत राहत नाही. तो खेळ मला मनापासून आवडतो, पण त्याचा शेवट इथं चालणार नाही. इथं सुटका शक्य असली पाहिजे, नाहीतर उताऱ्याला अर्थ नाही. एक कंदील ठेवला, आणि वात खालीवर करणं खेळाडूंच्या हातात दिलं. वात वाढवली तर पत्त्यावरचा जास्त तपशील विचारता येतो. पण पलीकडच्या टेहळणीलाही उजेड दिसतो. ‘जॉज’च्या पिंपाचं काम आता कंदील करतो.

शेजारच्या मागाचा खटखटाट करंट गेला तसा थांबला. तेव्हा कळलं की इतका वेळ तो आवाज चालू होता. सिनेमात पार्श्वसंगीत अचानक तोडतात ते याचसाठी. खेळात मी फोनवर पावसाचा आवाज लावून ठेवणार होते; आता तो चकवा लागण्याच्या क्षणी बंद करायचा, असं लिहून घेतलं.

सहकारी लॉरीच्या क्लीनरच्या भूमिकेत. ओढ्यापाशी चिंचोका उचलत म्हणाला, “अक्का, मी पुढं जाऊन बघून येतो.” एकटा गेला. मी त्याला पत्ता दाखवला, फक्त त्यालाच. तो बघून गप्प बसला, मग बाकीच्यांना म्हणाला, “वाट बरी आहे. चला.” त्याला काय दिसलं ते त्यानं ब्रेकमध्येसुद्धा सांगितलं नाही. कागदावर असा प्रसंग लिहून आणता येत नाही. मी ‘एका वेळी एकालाच पत्ता दाखवा’ हा नियम कायमचा केला.

३ ऑगस्ट

आज नियम नाही, मर्यादा लिहिल्या.

ज्या सत्याग्रहात माणसं खरोखर मेली त्यावर आपण एका संध्याकाळचा खेळ रचतो आहोत. त्याचं भान टेबलावर हवं. जखमी सत्याग्रहीला खऱ्या माणसाचं नाव द्यायचं नाही. त्याच्या मरणावर गुण नाहीत. गोळीबाराचा प्रसंग खेळायचा नाही, तो घडून गेलेला आहे. आणि गोव्यातली साधी माणसं शत्रू म्हणून येणार नाहीत. झोळी हद्दीपर्यंत आणून देणारी माणसं तिथलीच आहेत.

टेबलाच्या मधोमध ‘एक्स’ काढलेला कोरा पत्ता ठेवायचा. ही जॉन स्टाव्हरोपोलस यांची पद्धत. कुणालाही काही सोसेना झालं तर त्या पत्त्याला हात लावायचा, तो विषय तिथंच सोडायचा, कारण विचारायचं नाही. वैनींना हे सगळ्यात आवडलं. “वन्सं, पिक्चरला डोळे झाकता येतात, इथं ते कसं करायचं म्हणून मी विचारणारच होते,” म्हणाल्या.

१० ऑगस्ट

पूर्ण खेळ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ही बैठक सविस्तर लिहून ठेवायची आहे.

पहिल्या तासात चौघं भराभर चालले. जळवांसाठी हमालानं कमरेची तंबाखूची चंची काढली, निपाणीची तंबाखू भिजवून सगळ्यांच्या पोटऱ्यांना चोळली. तो तपशील पोराचा, माझा नाही. घड्याळाच्या दोन फोडी गेलेल्या, चार चिंचोके टेबलावर. मग भाचीनं फासे टाकले: तीन आणि तीन. जोड. तिच्यापुढं चिंचोका. मी फोनवरचा पाऊस बंद केला आणि म्हसोबाचा पत्ता वर सरकवला.

दोन टप्प्यांनी वैनींच्या हातून तो उलटला. लाल ठिपका. त्यांनी तो परत पालथा घातला, पुन्हा उलटला, जणू चित्र बदलेल. कुणी बोललं नाही. मी गिरमिट आणायला खाली गेले.

वर आले तेव्हा वाद पेटलेला. सुईण म्हणजे वैनी. आजीची आठवण त्यांच्या कागदावर, आणि त्यांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. सगळ्यांना उतारा कळला. तरी मास्तर झालेली भाची म्हणाली, “बसलो तर दोन फोडी जातील. हा माणूस तोवर टिकायचा नाही.” क्लीनर तिच्या बाजूनं. हमाल गप्प. वैनींनी झोळीतल्या माणसाची जखम तपासायची म्हणून फासे टाकले, आठ आले. मी सांगितलं: रक्त थांबवता येईल, पण त्यासाठी दोन्ही हात दाबून धरायला लागतील, झोळी हलता कामा नये.

वैनींनी माझ्याकडं बघितलं. मग बाकीच्यांकडं. “मग मी बसली,” म्हणाल्या. “तुम्ही जावा.”

आणि कुणी गेलं नाही. हमालानं कांबळं काढून झोळीवर धरलं. क्लीनरनं आपणहून कंदिलाची वात खाली केली. शेवटी मास्तर बसला. मी दोन फोडी रंगवल्या. चिंचोके एकेकानं परत डबीत टाकले, तसा नियम कुठंही लिहिलेला नव्हता.

‘तुंबाड’मध्ये कायदा ठाऊक असलेला माणूस हावेनं अडकतो. इथं कायदा ठाऊक असलेली माणसं एकमेकांपायी थांबली. सिनेमाकडून कायदा घेतला, शेवट टेबलावरच्यांनी आणला, आणि तो माझ्या कुठल्याही आराखड्यात नव्हता.

पहाटेचा भाग मी घाईत सोडवणार नाही. उजाडताना ते कड्याच्या पोटात होते, धारेवर नाही, म्हणून टेहळणीला दिसले नाहीत. कणकुंबीपर्यंतचे उरलेले पत्ते नुसते उलटत गेले, फासे न टाकता. मलप्रभा जिथं उगम पावते त्या गावात ते पोचले आणि खेळ थांबवला. जांबोटीपर्यंत नेण्याची गरज उरली नव्हती.

१७ ऑगस्ट

सुधारणांची यादी, गणपतीच्या आत करायची.

चिंचोके परत टाकण्याचा नियम आता कागदावर घ्यायचा: सगळे एकत्र बसले तरच घाई उतरते, एकटा बसला तर उतरत नाही. वैनींच्या त्या वाक्याखेरीज हा नियम मला सुचला नसता.

शेवट कणकुंबीला. घड्याळाच्या फोडी आठच राहू देत, पण जखमीसाठी वेगळं चार फोडींचं घड्याळ हवं. परवा ते मी मनातल्या मनात चालवत होते, खेळाडूंना समोर दिसलं पाहिजे.

ओस खोपट्याचा पत्ता कुणालाच उपयोगी पडला नाही. त्याजागी पोराला दुसरं काही काढायला सांगितलं आहे. तो म्हणतो, मोकळ्या रानात नुसतीच टांगलेली गाईची घंटा. आवाज येतो, गाय नाही. घेते.

जांबोटीच्या मास्तरांना गणपतीत येता येईल का विचारलं. म्हणाले, “खेळीन की. पण मी हमाल होणार. मास्तर लई झालं.”